डिस्क दिसेना, आईला ऐकू येईना

माझा पहिला राग त्या झेंडूच्या हारावर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

लातूरच्या ज्या केंद्रातून आईने कानाचं मशीन घेतलं होतं, त्याच्या मालकाने खंडेनवमीला आपल्या कॉम्प्युटरची पूजा केली. करावी. लोक पाना-पकड पुजतात, ट्रॅक्टर पुजतात, मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? पण या गृहस्थाने मनगटाएवढा जाड हार नेमका कॅबिनेटच्या मागच्या फॅनवर सोडला. आणि पूजेचा हार हाताने काढायचा नसतो, जागच्या जागी वाळू द्यायचा असतो, म्हणून दिवाळी उलटली तरी तो तिथेच. वाळक्या पाकळ्या आत ओढल्या गेल्या, फॅन अडकला, मदरबोर्ड जळाला आणि जाता जाता हार्डडिस्कलाही घेऊन गेला.

"सर, पूजा करूनबी असं झालं बघा," तो मला म्हणाला.

"पूजा करूनच झालं," मी म्हणालो. त्याला ते लागलं नाही. फटका मात्र मला बसणार होता, कारण त्याच आठवड्यात आईचं मशीन कंपनीतून दुरुस्त होऊन आलं होतं.

दुरुस्त म्हणजे काय, तर आतली सगळी सेटिंग पुसून आलं होतं. आईच्या कानाला कुठला आवाज किती वाढवून द्यायचा, हे सात वर्षांत बसवत आणलेलं सगळं गेलं. कानात घातलं की शिट्टी वाजायची. ताटली ठेवली तरी आई दचकायची, आणि माणसाचं बोलणं मात्र कळायचं नाही. तिने ते काढून डबीत ठेवलं. सेटिंग परत करायची तर लागणारा प्रोग्राम विंडोज सेव्हनवरच चालणारा, आणि मालकाने आणलेल्या नव्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज. कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं: ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. आईने नवीनही घालून पाहिलं. "ह्यात समदी माणसं डब्यातून बोलत्यात," म्हणाली आणि काढून ठेवलं.

वडील गेल्यावर आई रेणापूरहून माझ्याकडे नांदेडला आली. इथे तिची एकच जागा, आमच्या कॉलनीतलं विहार. संध्याकाळच्या वंदनेला ती सगळ्यात आधी जायची. सगळं तोंडपाठ, सूर खणखणीत. मशीन नसताना एकदा अशीच गेली. बाकीच्या बायका थांबल्या आणि हिला कळलंच नाही. ही एकटीच पुढच्या दोन ओळी मोठ्याने म्हणत राहिली. मागच्या दोघीतिघी पदराआड हसल्या, असं बायकोने मला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आई गुडघा दुखतो म्हणू लागली. तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे मालकाने सगळं माझ्याच गळ्यात घातलं. "सर, तुम्हीच टाकून द्या की जुनं विंडोज. तुमच्या हातचा मळ हाय."

पहिल्या रविवारी आईला घेऊन सकाळच्या बसने लातूरला गेलो. सेटिंगच्या वेळी तिचा कान हवा, म्हणून तिला न्यावंच लागायचं. जुनी डीव्हीडी घातली, गोल पिनचा जुना कीबोर्ड जोडला. इन्स्टॉलेशन सुरू झालं आणि विंडोज कुठल्या डिस्कवर टाकायचं, त्या पानावर येऊन अडकलं. यादी कोरी. डिस्कच नाही म्हणे! पेटी उघडून पाहिली तर डिस्क समोर, बोटभर लांबीची पट्टी बोर्डावर स्क्रूने बसवलेली. मी तिच्यावर बोट ठेवून स्क्रीनला दाखवली, इतका माझा संयम सुटला होता.

दोष तसा कोणाचा नव्हता. जुनं विंडोज जन्माला आलं तेव्हा असल्या डिस्का नव्हत्या, त्याला हिची भाषा येणार कुठून? देगलूरच्या बाजारात तेलुगू गिऱ्हाइकासमोर पुण्याचा माणूस उभा करावा, तशी गत. मध्ये दुभाषी लागतो. त्या दुभाष्यालाच ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटर विकणाऱ्याला फोन करून ड्रायव्हरची सीडी मागितली. "डिस्क आत हाय ना सर? मग झालं की," तो म्हणाला. "आन जुनं विंडोज टाकलं तर आमची जिम्मेदारी न्हाई." हे सांगायला मात्र त्याच्याकडे वेळ होता. तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोनवर कोणाचं काय वाकडं करणार?

तो सगळा राग मी घरी नेला. आईशी मोठ्याने बोलावं लागायचं हे खरं. पण बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, ही मला मोठी सोय झाली होती. नळ चालू राहिला की ओरड. भाजी पुन्हा विचारली की ओरड. सुरुवातीला तिला कळावं म्हणून ओरडायचो. नंतर बरं वाटतं म्हणून ओरडायचो. बायको म्हणाली, "तिला तसंबी ऐकू येत नाही, तुम्ही कोणाला ऐकवून राहिले?" मी तिच्यावरही ओरडलो.

दुसऱ्या रविवारी ड्रायव्हर नेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर नेला. तर पेनड्राइव्हही दिसेना! कारण ते यूएसबीसुद्धा नव्या जातीचं, त्यालाही आधी ड्रायव्हर हवा. म्हणजे कुलपाची किल्ली कुलूप लावलेल्या पेटीतच. मालक चहा मागवत होता आणि माझं डोकं तापत होतं. परतीच्या बसमध्ये आईने तिसऱ्यांदा विचारलं, "का झालं न्हाई रं?" मी खिडकीकडे बघत साध्या आवाजात म्हणालो, "जीव खाऊन राहिलीस नुसता." तिला ऐकू जाणार नाही, हे माहीत होतं म्हणून म्हणालो. तिने नजर फिरवून पिशवी मांडीवर ओढली. मला वाटलं, प्रश्न संपला.

तिसऱ्या रविवारी ड्रायव्हर डीव्हीडीवर भरून नेला. या वेळी डीव्हीडी दिसली, ड्रायव्हरही दिसला, आणि विंडोजने उत्तर दिलं की हा या कॉम्प्युटरच्या कामाचा नाही. दोनदा केलं, तीनदा केलं. मग फाइलचं नाव नीट वाचलं. विंडोज चौसष्ट बिटचं आणि ड्रायव्हर मी बत्तीस बिटचा उतरवला होता. आठवीच्या पोरांना मी हेच शिकवतो. यात चुकणाऱ्याला वर्गासमोर उभा करून विचारतो, डोळे फुटले का?

हारावर, विकणाऱ्यावर, कंपनीवर चिडून झालं होतं. आता फक्त मीच उरलो होतो, आणि स्वतःवर चिडायची मला सवय नाही. नेमक्या त्या वेळी आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं का?"

मी वळून तिच्या तोंडावर म्हणालो, "तुझ्यापायी तीन रविवार गेले माझे. घरी बसायचं सोडून कानाचे कसले चोचले?" आवाज साधाच होता. मालकाचा हात चहाच्या कपाजवळ थांबला. आईने हात काढून घेतला आणि ती परत बाकावर जाऊन बसली.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बरोबर ड्रायव्हर उतरवला, नवी डीव्हीडी भरली. बटण दाबलं आणि त्या कोऱ्या यादीत एक ओळ आली. डिस्क दिसली. दुपार कलेपर्यंत विंडोज बसलं, त्यावर कानाचा प्रोग्राम बसला आणि कुरकुर न करता उघडला. मालकाने आईच्या तपासणीचा जुना कागद काढला, मशीनला वायर जोडली आणि एकेक आकडा भरत गेला. शिट्टी बंद झाली. आईने आधी वर पंख्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"मावशी, ऐकू येतंय का?"

"हाव. येतंय की."

मला फार आनंद झाला. मी तिच्या मागे उभा होतो. मशीन किती बारीक पकडतं ते बघावं म्हणून अगदी हळू हाक मारली, "आई."

ती वळली. "एवढं हळूबी बोलता येतंय व्हय तुला?"

मालक हसला. मीही हसलो. उद्यापासून आई विहारात जाणार, बायका थांबल्या की थांबणार, हेच माझ्या डोक्यात होतं. आई मात्र हसली नाही. मशीन कानावर नीट बसवत ती म्हणाली, "तीन हप्ते मला ऐकू येत न्हवतं रं. तुझं तोंड तर दिसत व्हतं की."