पेन्सिलीचा ठिपका

आमच्या कंपनीच्या कुंपणालगत गवताची एक पट्टी होती. पावसाळा सरला की संध्याकाळी तिथे बोटाच्या पेराएवढाही नसलेला एक पतंग दिसे. वाळक्या काडीच्या रंगाचा, पंखावर चांदीची बारीक रेघ, पुढे चोचीसारखं तोंड. बसला की पंख अंगाभोवती गुंडाळून घेई. पहिल्यांदा पाहून मी हसलो होतो, "अहो, ही तर विझलेली बिडी!"

"मग पेटवून बघा राव, उडून जाईल," ड्रॉइंग खात्यातला माझा मित्र म्हणाला.

त्याला या पतंगाचं वेड होतं. तो कुठे कुठे सापडतो याचा नकाशा त्याने ट्रेसिंग कागदावर काढला होता. देहूरोडच्या माळावर बरेच ठिपके, चिंचवडला रुळांच्या कडेने काही, चाकणच्या रस्त्याला दोन. मधल्या मोकळ्या जागेत आमच्या पट्टीचा एकच ठिपका, अजून पेन्सिलीचा. पहिल्या वर्षी पेन्सिल, दुसऱ्या वर्षी पुन्हा दिसला तरच शाई, असा त्याचा नियम. अळ्या गवताच्या बुडाशी राहतात, म्हणून त्याने माझ्याकडे एवढंच मागितलं, "तेवढी पट्टी वर्षभर राहू द्या." आवाराची देखभाल माझ्याकडे होती. मी हो म्हटलं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे, घरची बायकामुलं कंपनी बघायला येत. आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी विचारलं, "ते जंगल कशाला ठेवलंय?" एका पतंगासाठी, असं सांगायची मला लाज वाटली. मीच माणसं लावून पट्टी मुळापासून खरवडून घेतली.

मित्राला म्हणालो, "कंत्राटदाराच्या माणसांनी चुकून कापलं हो."

"त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार?" तो म्हणाला. माझा त्याला संशयसुद्धा आला नाही.

पुढच्या वर्षी नवं गवत आलं. शिफ्ट सुटल्यावर आम्ही दोघं रोज तिथे उभे राहायचो. पंधरा दिवसांत एकही उडाला नाही. नंतर तो नोकरी सोडून मराठवाड्यात गावी गेला. जाताना नकाशा माझ्या हातात दिला. "दिसला की शाई भरा."

तेव्हापासून दरवर्षी मी एकटाच जातो. एखादी काडी हलली की वाकून बघतो. पुन्हा एकदा ती बिडीची थट्टा करावी आणि त्याचं उत्तर ऐकावं, असं फार वाटतं.

दसऱ्याच्या सुमारास त्याचं कार्ड येतं, "दिसला का?" यंदाही मी लिहिलं, "अजून नाही." खाली बरीच जागा उरली होती. कार्ड तसंच टपालपेटीत टाकलं.