हितसंबंध

प्रभावतीबाई विमा कंपनीतल्या बदलीवर सोलापूरहून जयपूरला आल्या आणि निवृत्तीनंतर तिथल्याच आदर्श नगरात राहिल्या. बसथांब्यावर सावली हवी, म्हाताऱ्यांना चढता येईल अशी पायरी हवी, असल्या मागण्यांसाठी त्यांनी प्रवासी संघटना काढली आणि अधिकाऱ्यांना सळो की पळो करून सोडलं. बाई तोंडाच्या फटकळ, पण त्यांच्या शब्दाला वजन होतं.

ते वजन आता वरुणला हवं होतं. वरुण त्यांचा एकुलता एक मुलगा. जयपूरजवळच्या सांगानेरला त्याचं डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान. शहरातल्या डिझेल बस टप्प्याटप्प्यानं बंद करण्यावर जनसुनावणी होती. बाकीच्या दुकानदारांनी त्याच्यामागे लकडाच लावला, की तुझ्या आईला बोलायला लाव, प्रवाशांचाच विरोध म्हटल्यावर सरकार ऐकेल. दुकान बसलं तर पोरानं करायचं काय, या काळजीनं बाई हो म्हणाल्या. शेवटी आईच ती.

सुनावणीत त्या बोलल्याही छान. पण बोलता बोलताच मन खायला लागलं. बसण्याआधी त्यांनी घाईनं सांगून टाकलं, "इस मामले में मेरे हितसंबंध हैं."

आता हा शब्द आपला, मराठी. हिंदीवाल्यांनी त्यातलं हित तेवढं ऐकलं. अध्यक्षांनी हात जोडले, माताजी तर सगळ्यांचंच भलं बघतात म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. वरुणनंही वाजवल्या, त्याचं मराठी जेवणाखाण्यापुरतं.

बाईंना खाली बसता आलं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. कुणाला कळलं नाही, हा काय त्यांचा दोष? हा विचार इतका सोयीचा होता की त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"मेरा बेटा डीझल इंजन के पुर्जे बेचता है," त्या म्हणाल्या. "बसें बंद हुईं तो उसका नुकसान है. यह जानकर मेरी बात सुनिए."

अध्यक्षांनी त्यांचं म्हणणं प्रवाशांचं म्हणून नव्हे, दुकानदाराच्या आईचं म्हणून नोंदवायला सांगितलं.

परतताना गाडीत वरुण म्हणाला, "आई, मतलब, मला आधी सांगायचं ना."

"तू नको म्हणाला असतास," त्या म्हणाल्या, "आणि मी ऐकलं असतं."