तिसरं खातं

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. ‘जागे व्हा’ हे मला वाचता यायचं तेव्हा ‘कमळ’ येत नव्हतं. माझे वडील पत्रकं लिहायचे, पौडला छापून आणायचे आणि बाजाराच्या दिवशी थांब्यावर उभे राहून वाटायचे. त्यांचा एकच नियम होता. पत्रकाच्या तळाशी लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव हवंच. बिननावाचं पत्रक म्हणजे कुंपणाआडून मारलेला दगड, असं ते म्हणत. मी या नियमात वाढले, आणि तो मोडून एका बाईचं नाव लपवून ठेवायची वेळ माझ्यावरच आली.

ही बाई आमच्या माले गावातलीच, वरच्या आळीतली. नात्याची नाही, पण सगळे तिला मावशी म्हणतात. मुळशीच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठच्या एका बंगल्यावर ती स्वयंपाकाला जाते. त्या बंगल्याच्या कडेनं पाण्यावर उतरणारी पायवाट होती. गुरं तिथून जायची, मासे धरणारे जायचे, धुणं घेऊन बायका जायच्या. मग तिथं तारेचं कुंपण आलं. बंगल्याच्या शेठचं म्हणणं, इथं वाट कधी नव्हतीच. गावानं वहिवाटीचा रस्ता मोकळा करून मिळावा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केला. जेसीबीनं वाट उकरली आणि हद्दीचा दगड सरकवला, ते मावशीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं.

तिनं ते माझ्या फोनमध्ये बोलून दिलं. बोलून झाल्यावर म्हणाली, “नाव कुटं जाणार न्हाई न्हवं?”

“नाही जाणार.”

“माझं काम गेलं तर दुसरं मिळंल. पोरगा बी त्यांच्याच गाडीवर हाय.”

“मावशी, शब्द देते.”

शब्द देताना माझा आवाज पत्रकासारखा खणखणीत होता. सुनावणीपर्यंत तिचं धाडस झालं तर ती समोर येणार, नाही झालं तर नाही, असं ठरलं.

तेव्हा आमची एक छोटी वेबसाइट होती. वडिलांची जुनी पत्रकं आणि वाटेबद्दल लोकांनी सांगितलेलं मी तिथं ठेवायची. मावशीचं म्हणणं बिननावाचं छापलं. तिचा मूळ आवाज आणि नाव त्याच जागेवर होतं, पण लोकांना न दिसणाऱ्या कप्प्यात. घरच्या लॅपटॉपवर ठेवायला मी भ्याले होते. लॅपटॉप कोणीही उचलून नेऊ शकतं; फोन तेवढा कायम माझ्याजवळ असायचा, त्यात एक प्रत होती.

एका सकाळी वेबसाइट उघडेना. जिच्या मशीनवर ती ठेवली होती त्या होस्टिंग कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं होतं. तक्रार आली आहे, आपलं पान थांबवण्यात येत आहे. कोणाची तक्रार, कशाबद्दल, काही नाही. माझं डोकं भडकलं. पान थांबवायला त्यांना माझी परवानगी लागली नाही. मग आतला कप्पा उघडायला लागेल का? मी पत्र लिहून विचारलं, माझी माहिती कोणाला दाखवली का? उत्तर आलं ते साच्यातलं. आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो.

तेव्हा ठरवलं, आता वेबसाइट ठेवायला आपलं स्वतःचं मशीन, म्हणजे सर्व्हर.

या विषयात मला एकच माणूस ठाऊक होतं. माझी मैत्रीण पौडची, शाळेपासूनची. तिच्या अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि ती हिंजवडीत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. सुट्टीच्या दिवशी ती दुकानाच्या गल्ल्यावर बसते. वडील जळालेली मोटर घेऊन तिकडेच निघाले होते, मी त्यांच्या मागे गाडीवर बसले.

“एका मशीनचे तुकडे करून भाड्यानं देतात, ते नको,” ती म्हणाली. “आख्खं भाड्यानं घे. डेडिकेटेड.”

“सांभाळायला कोण?”

“दोन प्रकार असतात. मॅनेज्ड घेतलंस तर त्यांचा माणूस येऊन झाडलोट करणार. घर स्वच्छ राहतं, पण किल्ली त्याच्याकडे.”

“किल्ली कोणालाच द्यायची नाहीये.”

“मग अनमॅनेज्ड घे. स्वस्त पण पडतं. फक्त बंद पडलं, सडलं, कोणी घुसलं, तरी कोणी येणार नाही. मग मला फोन करून रडायचं नाही.”

“तुलाच करणार.”

“माहितीये गं.” तिनं तांब्याच्या तारेचं रीळ बाजूला सारलं. “आणि एक गोष्ट सोडू नकोस. रिमोट मॅनेजमेंट आहे का, ते बघूनच घे.”

सर्व्हरच्या पोटात एक छोटासा वेगळा संगणक असतो. मोठं मशीन बंद पडलं तरी हा जागाच राहतो. त्याच्या पानावर लॉगिन केलं की घरबसल्या मशीन बंद-चालू करता येतं, त्याचा पडदा दिसतो, जणू तिथंच खुर्ची टाकून बसलोय. ही सोय नसेल तर कंपनीला पत्र लिहायचं आणि त्यांचा माणूस जाऊन बटण दाबेपर्यंत वाट बघायची.

वडील मोटर उतरवता उतरवता ऐकत होते. “म्हंजे आपला स्टार्टर की.”

आमची मोटर खाली ओढ्यावर आहे. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड. घरातून मिस कॉल दिला की मोटर सुरू.

“तोच, काका. जरा शिकलेला.”

“आन् रेंज न्हाई म्हणून बसला की?”

“त्याला रेंजसाठी बांधावर जाऊन उभं राहावं लागत नाही.”

दुकानात सगळे हसले. मीही हसले. तेव्हा जे आठवायला हवं होतं ते आठवलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस मी मशीनं बघत होते. परवडणारी सगळी वापरलेलीच असतात. एक गिऱ्हाईक सोडून गेलं की पुसून दुसऱ्याला देतात. शेवटी दोन उरली. एकात ते रिमोट पान कंपनीच्या आतल्या वाटेनंच उघडायचं, आधी एका दारातून जायचं, मग दुसऱ्या. त्याचं भाडं मला झेपेना. दुसऱ्यात ते पान सरळ इंटरनेटवर उघडं होतं, पासवर्ड टाका आणि आत जा. मी दुसरं घेतलं. मैत्रिणीला आवडलं नाही. “पासवर्ड आरतीएवढा लांब ठेव,” एवढं बोलली.

मशीन हाती आल्यावर मी सगळं, मावशीचा आवाजही, त्यावर चढवलं आणि पहिल्याच दिवशी स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. फायरवॉल लावताना सगळी दारं बंद करण्याची आज्ञा आधी दिली आणि माझं दार उघडं ठेवण्याची नंतर देणार होते. ती नंतरची आज्ञा द्यायला मी आत राहिलेच नाही. पडदा गोठला. मावशीचा आवाज आत आणि मी बाहेर.

मग रिमोट पान आठवलं. लॉगिन केलं आणि मशीनचा काळा पडदा माझ्या पडद्यावर उमटला. शांतपणे नियम दुरुस्त केला आणि आत आले. किती सोपं होतं. मी खुशीत वडिलांना सांगायला ओटीवर गेले. ते भाताच्या दाढेतली रोपं बघून परतले होते आणि गुळाचा चहा पीत होते.

मी बोलत असताना खाली ओढ्यावर मोटर सुरू झाली.

वडिलांचा फोन फळीवर चार्जिंगला होता. माझा माझ्या हातात. आम्ही दोघं समोरासमोर, आणि मोटर चालू.

“तुजी आई आसंल,” वडील म्हणाले. “भाजीला पानी सोडायचं हुतं.”

आईच होती. पण तेवढ्या वेळात मला लहानपणचा तो उन्हाळा आठवला. आमची मोटर आपोआप सुरू व्हायची. भरदुपारी, कोणी हात न लावता. आईनं स्टार्टरच्या पेटीला लिंबू-मिरची बांधली. वडिलांनी भुताखेतांविरुद्ध आयुष्यभर पत्रकं वाटलेली. ते काठी घेऊन ओढ्यावर पहाऱ्याला बसले आणि मोटर घुमायला लागल्यावर काठी तिथंच टाकून वर आले. शेवटी मैत्रिणीच्या अब्बांनी पेटी उघडली. स्टार्टर आम्ही त्यांच्याच दुकानातून जुना घेतला होता, आणि आधीच्या मालकाचं सिम आणि त्याचा नंबर त्यात तसाच राहिला होता. तो माणूस त्याच्या नव्या स्टार्टरला लावायचा फोन चुकून जुन्याला लावत होता. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता की तो आमची शेती भिजवतोय. अब्बा अजून त्यावरून शरमतात.

मी उठले. वडील म्हणाले, “च्या तरी घे.” मी घेतला नाही.

रिमोट पानावर खात्यांचा एक विभाग होता. तो मी उघडलाच नव्हता. पहिलं खातं कंपनीचं. दुसरं माझं. खाली तिसरं होतं. कोणाच्या तरी आडनावासारखं काहीतरी, पुढे एक आकडा, आणि त्यासमोर लिहिलेलं की याला सगळे अधिकार आहेत. कंपनीनं डिस्क पुसली होती. हा छोटा संगणक पुसला नव्हता.

मी ते खातं काढलं. पण काढल्यानं फक्त पुढचं थांबणार होतं. मागचं काय? मी मैत्रिणीला फोन लावला.

“लॉगमध्ये, आल्यागेल्याच्या नोंदीत, त्याचं लॉगिन दिसतंय का?” तिनं विचारलं.

“लॉगमध्ये जागाच थोडी आहे. जुनं पुसून नवं लिहिलं जातं. सगळं भरलंय ते नुसत्या फसलेल्या पासवर्डांनी. कोण कोण दार ठोठावतंय.”

“ते रोजचंच असतं, ते सोड. डिस्कला कुलूप लावलं होतंस? एन्क्रिप्शन?”

“नाही लावलं.”

“बाई,” ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात तिनं मला कधी हाक मारली नव्हती. “त्या पानावरून मशीन बंद करून, आपली सीडी लावल्यासारखं करून, आख्खी डिस्क वाचता येते. मी असं म्हणत नाही की कोणी वाचली. जुनं गिऱ्हाईक असेल, विसरून गेलं असेल.”

“आणि विसरलं नसेल तर?”

“तर कळणार नाही.”

कंपनीला लिहिलं. उत्तर तत्परतेनं आलं. सेवा अनमॅनेज्ड आहे, सेटिंग तपासण्याची जबाबदारी ग्राहकाची. त्यात खोटं काही नव्हतं. किल्ली कोणाला द्यायची नाही म्हणून मीच ते निवडलं होतं.

मला वाटत होतं, शत्रू आला की तो ओळखू येतो. पत्रकांतला शत्रू तसाच असतो. त्याला पद असतं, गाडी असते, शेवटच्या परिच्छेदात त्याला सवाल करता येतो. इथं एक आडनावासारखा शब्द होता. तो बंगलोरचा एखादा विसरभोळा पोरगा असेल. तो शेठच्या पैशावर काम करणारा कोणी असेल. तो कोणीच नसेल. त्याच्याविरुद्ध मी काय लिहू?

मावशी संध्याकाळी फाट्यावर जीपमधून उतरते. मी तिथं जाऊन थांबले. मला पाहूनच तिनं हातातली पिशवी छातीशी धरली.

“नाव गेलं?”

“माहीत नाही, मावशी.”

“माहीत न्हाई म्हंजी?”

मी सांगितलं. स्टार्टरचा दाखला दिल्यावर तिला झटकन समजलं. त्या उन्हाळ्यात आमची मोटर बघायला आख्खी आळी आली होती, तीही आली होती. ऐकून झाल्यावर ती रस्त्याकडे बघत राहिली. एक गाडी वळणावर हळू झाली आणि पुढे गेली.

“नवं मशीन घेताना तू तर म्हनली हुतीस, कुनाच्या हाती किल्ली न्हाई.”

“नव्हती द्यायची.”

“पुसून टाक. आत्ता. माझ्या म्होरं.”

“सुनावणी जवळ आलीय. तुमच्याशिवाय कोणीच पाहिलं नाहीये.”

“मी बी न्हाई पायलं.”

मी फोनवरून आत गेले आणि पुसलं. आवाज, नाव, तिनं सांगितलेलं सगळं. माझ्या फोनमधलंही. पडद्यावर रिकामी ओळ आली. मी फोन तिच्यासमोर धरला.

“झालं?”

“झालं.”

“काय दिसंना.”

“दिसत नाही म्हणजे गेलं.”

तिनं बराच वेळ त्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं. “आन् त्या दुसऱ्याला? त्याला बी दिसंना व्हय?”

मी फोन खिशात टाकला. ती पिशवी सावरून चढाला लागली.

नंतर मी मशीन मुळापासून नव्यानं बसवलं. डिस्कला कुलूप घातलं. मैत्रिणीनं दुकानाच्या गल्ल्यावर मला शेजारी बसवून घेतलं आणि एकेक खिळा ठोकल्यासारखं सगळं ठोकून घेतलं. वेबसाइट पुन्हा उभी राहिली. तिच्यावर वाटेबद्दल आता जे आहे ते मी स्वतः लिहिलेलं आहे, मला लहानपणापासून माहीत असलेली ती वाट आणि तिथं आज असलेली तार. सरकवलेल्या दगडाबद्दल एक शब्द नाही, कारण ते मी पाहिलेलं नाही. तळाशी माझं नाव आणि गाव आहे. वडिलांनी वाचून मान हलवली. “नाव घातलंस,” म्हणाले, “आता दार लावून झोपत जा.” ते विनोद करत होते की नाही, कळलं नाही.

सुनावणी अजून व्हायची आहे. तिथं मी काय सिद्ध करू शकेन, ठाऊक नाही. त्याहून मोठी भीती सकाळची आहे. रोज जीपच्या वेळेला मी काहीतरी निमित्त काढून फाट्यावर जाते. मावशी कामावर निघालेली दिसली म्हणजे तिकडे अजून कोणाला कळलेलं नाही. न दिसली तर? तिला नुसता ताप आला असला, तरी मला ते खरं वाटणार नाही.

आज जीप आली. ती खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर. मी हात वर केला. तिनं पाहिलं आणि मान पलीकडे वळवली, ओळख नसल्यासारखी. ते तिनं बरोबरच केलं. जीप मुळशीकडच्या वळणाआड गेली तरी मी उभीच होते.