अळी दिसायला हवी होती

अमडापूरच्या आमच्या शेतात बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत बोंडं गळून जातील, ही बाबांची भीती. म्हणून कृषी कार्यालयात द्यायच्या तक्रारीसोबत मोठा फोटो जोडायचं ठरलं आणि मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी फोडलेल्या बोंडाचा फोटो काढला. आत अळी तांदळाच्या दाण्याएवढी, सालीला एक बारीक छेद.

चिखलीच्या स्टुडिओत पोचलो तर बियाणं विकणारा दुकानदार तिथेच चहा पीत बसलेला. आमची तक्रार त्याच्याच बियाण्याची. त्याने बाबांना हसून रामराम केला. मला ते हसणं खटकलं.

स्टुडिओवाल्याने फोटो व्हॉट्सॲपवर मागितला. तसा पाठवला की फोटो बारीक होऊन जातो. केबलने घ्या, असं मी म्हटलं, पण इतक्या हळू की ते त्याच्यापर्यंत गेलंच नाही. त्याने रेझोल्यूशनच्या, म्हणजे इंचाला किती ठिपके त्याच्या, चौकटीत तीनशे टाकलं. आकडा वाढला; तपशील होता तेवढाच राहिला, नुसता ताणला गेला.

प्रिंट चकचकीत आली. बोंड स्वच्छ, छेद गायब. अळीच्या जागी फिकट डाग.

"छेद काऊन बुजवला?" बाबांनी विचारलं.

"साफ केला ना काका. नवरीच्या तोंडावरचे फोडं काढतो, तसा."

दुकानदार कपात बघत म्हणाला, चांगलं तर दिसून राह्यलं. स्टुडिओवाल्याची ती सवय होती की त्याला कुणी सांगून ठेवलं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पर्समधली केबल काढून काउंटरवर ठेवली. मूळ फाइल घ्या आणि काहीही साफ करू नका, असं या वेळी ऐकू जाईल इतकं मोठ्याने सांगितलं. मूळ फोटोत पिक्सेल भरपूर होते; ए-फोर आकाराला न ताणताच इंचाला तीनशे पडत होते.

"ताई, घाण दिसन."

"घाणच दाखवाची हाय," बाबा म्हणाले.

प्रिंटरमधून कागद इंचाइंचाने बाहेर येईपर्यंत मी नजर हलवली नाही. छेद आला. अळीच्या अंगावरचे गुलाबी पट्टेसुद्धा आले.

दुकानदार उठला. "द्या, मीच नेऊन देतो. मले तिकडंच जाणं हाय."

बाबांचा हात भिडेने पुढे झाला. मी फोटो आधीच उचलला होता.

"शाई ओली आहे," मी म्हटलं.

शाई वाळली होती. तरी कृषी कार्यालयापर्यंत मी तो तळव्यांवर आडवा धरून नेला. तिथल्या बाईंनी तो पाहिला आणि हे काय आहे, असं विचारलं नाही.