मोटारीच्या नाकावरचं मुंडकं

एलायझा केवे ही ओडावा या आदिवासी जमातीतली बाई साळिंदराचे काटे तोंडात भिजवून भूर्जाच्या सालीच्या डब्यांवर नक्षी भरायची, आणि तेवढाच वेळ गप्प असायची. काटा तोंडातून निघाला की मागोमाग शिवी निघायची. नवरा सरोवरात बुडाला, तर काठावर जाऊन सरोवराशीही भांडून आली होती.

पोरगा रेमंड कोरियातली लढाई करून परतला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा, पण गावातल्या गोऱ्यांच्या एकाही गॅरेजात त्याला कुणी उभं करेना. अन् एक दिवस मोटारींचा दुकानदार वर्न ऊस्टरहाउट आपल्या पायानं दारात आला.

"म्हातारे, शुक्रवारी नवी पाँटिअ‍ॅक गाडी दाखवायचीय. दुकानाच्या काचेवरचा कागद फाडला की गाडीशेजारी तू पिसांचा टोप घालून बसलेली दिसली पाहिजेस. सोमवारपासून पोराला मेकॅनिक म्हणून घेतो."

एलायझानं काटा थुंकला. "पाँटिअ‍ॅक आमचा सरदार. दोनशे वर्षांमागं डेट्रॉइटच्या किल्ल्याला अख्खा उन्हाळा वेढा घालून बसला. गोरे आत उंदरागत दडलेले. आता त्याचंच नाव विकून खातोस, मुडद्या? आणि असला टोप आमच्यात कुणाच्या बापानं घातला नाही. तो घालणारी ती पश्चिमेकडची माणसं. जा, त्यांच्यात बस जाऊन!"

"आये, एका दिवसाचं तर आहे," रेमंड पुटपुटला.

"मग तूच घाल की!"

बोलून गेली.

शुक्रवारी ती डब्या विकायला गावात गेली, तर दुकानापुढं ही गर्दी. कागद टराटरा फाटला. आत गाडी, आणि गाडीशेजारी टोप घातलेला रेमंड. लोक सिनेमातल्या आदिवासींची नक्कल करत, तोंडावर हात आपटून आरोळ्या काढत होते. त्याची मान खाली.

कोपरानं माणसं ढोसत एलायझा काचेला भिडली. गाडीच्या नाकावर सरदाराचं चकचकीत मुंडकं बसवलेलं. तिनं काचेवर मूठ हाणली.

"वर बघ की रं! त्या धातूच्या मुंडक्याची तरी नजर समोर आहे!"

रेमंडनं वर बघितलं नाही. सोमवारी तो कामावर लागला.

महिन्यानं दुकानाची पाँटिअ‍ॅक घेऊन तो आईला चर्चला न्यायला आला. तिनं मुंडक्याकडं बघितलं, त्याच्याकडं नाही. मूठभर काटे तोंडात कोंबले आणि चालू लागली. चार मैल. तो पहिल्या गिअरात तिच्या मागं मागं येत राहिला.