सरांचा कागद

मोबाइलच्या ग्रुपमध्ये घेण्याआधी माणसाच्या हातात नियमांचा कागद ठेवणारा एकच माणूस मी पाहिला. आमचे नियमवाले सर. तलासरीकडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन आशागडला राहायला गेले. २०१४ मध्ये आम्हा शिक्षकांचा ग्रुप निघाला, तेव्हा ॲडमिन तेच. नवा शिक्षक आला की त्याला स्वतःच्या अक्षरातला कागद मिळायचा. आधी वरचं वाचा, मग लिहा. खात्री नसेल तर पुढे पाठवू नका. एक गोष्ट एकदाच लिहा. आम्ही मागे खिदळायचो. मी तर त्यांची नक्कलही करायचे. आता साळसूदपणाचा आव कशाला आणू?

ईमेल मला त्यांनीच शिकवलं, डहाणू रोडच्या सायबर कॅफेत शेजारी बसून. विषयाची ओळ कोरी सोडली की म्हणायचे, "बाई, दार न वाजवता शिरता का कोणाच्या घरात?" एकदा केंद्रप्रमुखांवर भडकून मी सगळ्यांना जाईल असं उत्तर लिहिलं होतं. सर ओरडले नाहीत. "आधी चहा पिऊन या," एवढंच म्हणाले. मी चहा पिऊन आले आणि गुपचूप सगळं पुसलं. नोकरी वाचली म्हणा ना.

मदत मागायची त्यांची तऱ्हाही तशीच. कोणा एकाला फोन करून भिडेत पाडायचं नाही. "ग्रुपवर विचारावं. ज्याला जमेल तो येईल. ज्याला नाही जमणार त्याची पंचाईत कशाला?"

ग्रुप निघाल्याला चार वर्षं झाली, त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला सकाळी साडेसातला सरांनी ग्रुपवर लिहिलं, "सौ.ला अस्वस्थ वाटतंय. वापीला दवाखान्यात न्यायचं आहे. कोणाची गाडी असल्यास कळवावे."

त्याखाली पहिलं चित्र माझं. समई, फुलं, गुरुवर्यांना वंदन. वरचं न वाचताच टाकलं मी! माझ्यामागून सगळ्यांची तसलीच चित्रं, हात जोडलेली, पाटी-पुस्तकांची. आशागडपासून दहा मिनिटांवर माझी गाडी अंगणात उभी होती.

सरांनी तासभर वाट पाहिली. मग नाक्यावरून जीप ठरवली. तलासरीच्या पुढे, हायवेवरच काकू गेल्या.

दुपारी बातमी आली तेव्हा मी ग्रुप उघडला आणि ती सगळी फुलं मागे सारत सारत त्यांच्या तीन ओळींपर्यंत पोचले. लाज वाटली. अजून वाटते.

तेराव्यानंतर भेटायला गेले. सर ओटीवर एकटेच होते. मी रडत होते आणि वर त्यांच्यावरच चिडत होते. "सर, पुन्हा लिहायचं होतंत! नियम गेला खड्ड्यात. मला फोन करायचा होतात, धावत आले असते."

त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं.

"तुम्हाला फोन करणारच होतो, बाई. फोन हातातच होता. तेवढ्यात तुमची समई आली. म्हटलं, बाईंनी वरचं वाचलेलं दिसतंय. जमत नसेल त्यांना."