सभेला आलेली बस

उन्हाळ्यात आमच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका मिळून वर्षाचा गहू आणायला करोंदच्या मंडीत जात. कॉलनीजवळच्या सोनागिरीहून सरकारी बस पकडायची आणि येताना मागच्या सीटखाली पोती कोंबायची, हे ठरलेलं. एका वर्षी ती बसच बंद झाली. राज्याकडे पैसा नाही म्हणे. पुरुष कारखान्याच्या बसने ड्यूटीवर जात, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते बायकांचं, म्हणजे सरकारच्या लेखी कोणाचंच नाही.

मग निवडणूक आली. कॉलनीच्या मैदानात मंत्र्यांची सभा ठरली आणि गावोगावची माणसं भरून आमचीच बस येऊन उभी राहिली. कपाळावर करोंदची पाटी तशीच होती. सभेसाठी मात्र पैसा होता. आईचं डोकं फिरलं. रिकामी पोती आणि शेजारणींना घेऊन ती थेट बसमध्ये जाऊन बसली.

ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, ये सभा की गाड़ी है."

"करोंद चलो, नहीं तो हम नहीं उतरेंगे."

अंधार पडेपर्यंत त्या खरंच उतरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात बसच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या आमच्या बायकांचा फोटो आला. खाली छापलं होतं, मंत्र्यांना ऐकायला महिलांची गर्दी.